झोपाळ्याची वीज

शलाका बोरवणकरला माडवलीला पाठवलं, तेव्हा तिचं तिथं नेमकं काम काय हे पाठवणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. संशोधन होतं विजेचं. त्यात पदार्थविज्ञानाची माणसं होती, पॉवर इलेक्ट्रॉनिक्सची होती, आणि अर्थशास्त्राच्या डॉ. विशाखा इनामदार सगळ्यांच्या प्रमुख होत्या. अनुदान देणाऱ्यांनी एक अट घातली होती, की लोकांच्या बोलण्याचालण्याचा अभ्यास करणारंही कुणीतरी हवं. म्हणून एक भाषाशास्त्रज्ञ.

"तुम्ही लोकांशी गप्पा मारा," विशाखाताईंनी निघताना सांगितलं. "यंत्राबद्दल ते काय बोलतात, कसं बोलतात, ते टिपा. बाकीचं आम्ही बघतो."

शलाकानं वडिलांना बरोबर नेलं. भास्करराव पुण्याच्या एका कॉलेजात आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. आता हृदय थकलं होतं आणि पुण्याच्या फ्लॅटमध्ये त्यांना एकटं ठेवण्यासारखं राहिलं नव्हतं. खाडीची हवा मानवेल, असं डॉक्टर म्हणाले. भास्कररावांचं म्हणणं होतं की हवा सगळीकडे सारखीच असते, पण ते आले.

माडवली हे खाडीच्या काठचं, माडांत बुडालेलं गाव. दुपार झाली की सगळं गाव पाण्याखाली गेल्यासारखं हिरवट दिसे. उन्हाचे ठिपके भिंतींवरून हळूहळू सरकत, कुठूनतरी सुकत घातलेल्या आमसुलांचा वास येई, आणि घराघरांच्या पडवीत झोपाळे संथ हलत असत. करकर नाही, फक्त एक बारीक गुणगुण. ती गुणगुण झोपाळ्यांना जोडलेल्या कन्व्हर्टरची होती. त्याच गुणगुणीसाठी एवढी माणसं इथं जमली होती.

मूळ शोध कड्याचा. साध्या तारेतून वीज जाते तेव्हा ती ठेचकाळत जाते, प्रत्येक ठेचेला थोडी ऊब सांडते आणि तेवढी वीज कमी होते. अतिसंवाहक पदार्थात ठेच नसते. अशा तारेची टोकं जोडून कडं केलं आणि त्यात एकदा वीज सोडली, की ती फिरत राहते. आज, उद्या, पुढच्या पिढीतही तेवढीच. पूर्वी त्यासाठी हाडं गोठवणारी थंडी लागे. काही वर्षांपूर्वी असा पदार्थ सापडला की जो कोकणातल्या उकाड्यातही अतिसंवाहक राहतो, आणि मग मोठ्या टोपाएवढी कडी घरांत येऊन बसली. बॅटरी झिजते, कडं झिजत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात छपरावरच्या सौर पाट्या निम्म्या दिवशी निजलेल्या, तेव्हा जी मिळेल ती हालचाल वापरायची असं ठरलं. आणि या गावात माणसं रोज, न चुकता, आपखुशीनं कुठली हालचाल करत असतील तर झोपाळ्यावर बसण्याची. झोपाळ्याच्या दांडीला छोटं जनित्र लावलं, की दिवेलागणीच्या गप्पांचीही वीज कड्यात जाई. फार नाही, चमचाभर. पण चमचा चमचा, आणि सांडत काहीच नाही.

शलाका आणि भास्कररावांना द्वारकाकाकी राऊळांच्या घरी दोन खोल्या मिळाल्या. काकींचे यजमान गणपत राऊळ होड्या बांधणारे सुतार होते. पडवीतला झोपाळा त्यांनी उरलेल्या सागाच्या फळ्यांचा केलेला, होडीसारखाच कडेला किंचित उचललेला. गेल्या श्रावणात ते गेले होते.

पहिल्याच आठवड्यात गावातली वीज मंदावली. शलाकाला फडताळात एक कडं दिसलं. वर धुतलेला पंचा घातलेला. त्याच्या काट्यावरून ते निम्म्याहून जास्त भरलेलं होतं.

"काकी, हे जोडू का? दिवा तरी लागेल."

काकी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तां नको, बाय. त्या कड्याक हात लावू नको."

"बिघडलंय का?"

"बिघडूक नाय. माका तेंची वीज आसा."

शलाका जागीच थांबली. वाक्य तिनं मनात पुन्हा एकदा म्हणून बघितलं: मला त्यांची वीज आहे.

आपण सगळे मराठीत एक गोष्ट न शिकवता पाळतो. 'माझ्याकडे छत्री आहे' म्हणतो, 'मला छत्री आहे' असं म्हणत नाही. पण 'मला दोन बहिणी आहेत', 'मला दाट केस आहेत', 'मला घरदार आहे' असं म्हणतो. जे उचलून दुसऱ्याला देता येतं ते आपल्याकडे असतं. जे आपल्यापासून सुटं करता येत नाही ते आपल्याला असतं. मालवणीतही तसंच, 'माज्याकडे' वेगळं आणि 'माका' वेगळं. वीज तर बोलूनचालून विकत घ्यायची वस्तू. ती कुणाला 'असणार' कशी?

मग ती घरोघर ऐकत हिंडली. मुद्दाम विचारलं असतं तर लोक सावध झाले असते, म्हणून ती नुसतं बसायची, चहा प्यायची, मासळीचे भाव ऐकायची. हळूहळू तिच्या लक्षात आलं की गावातल्या बऱ्याच फडताळांत असं एकेक कडं झाकून ठेवलेलं आहे. कुणाच्या आईचं, कुणाच्या आखातात गेलेल्या मुलाचं, एका घरी तर बाळंतपणात गेलेल्या सुनेचं. आणि त्या कड्यांबद्दल बोलताना कुणीही 'माज्याकडे' म्हणत नव्हतं.

तिनं हे जेवताना वडिलांना सांगितलं. सांगताना तिचा आवाज चढला होता. एवढा बदल, तोही काही वर्षांत, असा हाताशी सापडणं म्हणजे तिच्या शास्त्रात नशीबच.

भास्कररावांनी सोलकढीची वाटी खाली ठेवली. "विजेला नाव नसतं, शलाका. कड्यात जे फिरतंय त्यावर कुणी ढकललं याची काही खूण नसते. सूर्यानं ढकललं काय आणि गणपत राऊळांनी काय."

"त्यांना ते माहीत आहे, बाबा."

"मग?"

"मग काही नाही. तरी ते ठेवतात. सगळेच तुमच्यासारखे नसतात." पुढचं तिला बोलायचं नव्हतं, पण ते आलंच. "आईच्या साड्या तुम्ही आठवड्याभरात वाटून टाकल्यात. तिचा चष्मासुद्धा दिलात कुणालातरी."

"चष्मा चांगला होता," भास्करराव म्हणाले. त्यांनी वाटी पुन्हा उचलली.

डॉक्टरांनी भास्कररावांना पायांची हलकी हालचाल सांगितली होती, म्हणून ते रोज सकाळ-संध्याकाळ झोपाळ्यावर बसू लागले. त्यांच्यासाठी एक नवं, रिकामं कडं आलं. ते जोडायला इर्शाद शिकलगार आला. तो मूळचा सांगलीचा, या सगळ्या कन्व्हर्टरांची रचना त्याची. बोलायला मऊ, आणि झोपाळ्याच्या साखळ्या तपासताना गाईच्या मानेवरून फिरवावा तसा हात फिरवणारा.

"सर, पवनचक्की एकाच बाजूला फिरते," त्यानं भास्कररावांना सांगितलं. "झोपाळा पुढे जातो, थबकतो, मागे येतो. दर खेपेला वीज उलटी होते. ते सगळं हेलकावणं सरळ करून कड्यात सोडायचं. पण चुकीच्या क्षणी ओढलं, तर बसणाऱ्याला वाटतं कुणीतरी मागून फळी धरलीय. म्हणून हा आधी माणसाची लय शिकतो. कोण कुठं रेटा देतं, कुठं पाय सोडतं. प्रत्येकाची वेगळी असते, बरं का. कड्याबरोबर ती लयही साठवून ठेवतो."

भास्कररावांना यात रस वाटला. निवृत्त झाल्यापासून त्यांना कशातच फारसा रस वाटलेला शलाकानं पाहिला नव्हता. तास-दीड तास ते इर्शादला प्रश्न विचारत राहिले. जाताना इर्शाद म्हणाला, "सर, तुम्ही मला कॉलेजात असायला हवे होतात." त्यावर म्हातारा चक्क लाजला.

पावसाळा तोंडावर आला आणि तालुक्याच्या गावी संशोधकांची बैठक भरली. शलाकानं तिथं आपला अभ्यास मांडला. 'मला' आणि 'माझ्याकडे', कुणाच्या तोंडी काय, कुठल्या कड्याबद्दल काय. लोकांनी मनापासून ऐकलं. विशाखाताईंनी तर सगळ्यांत जास्त.

"म्हणजे जो 'मला' म्हणतो," त्या सावकाश म्हणाल्या, "तो कितीही भाव दिला तरी वीज सोडणार नाही."

"हो. त्याच्या दृष्टीनं ती विकायची वस्तूच नाही."

"शलाका, आम्ही दोन वर्षं हेच शोधतोय. गावात एवढी वीज साठते आणि लागते तेव्हा सापडत नाही. गेल्या पावसात पलीकडची वाडी सहा दिवस अंधारात होती. लसी फेकून द्याव्या लागल्या. आणि तेव्हा इथं फडताळांत पंचे घालून भरलेली कडी ठेवलेली होती." त्या रागावलेल्या नव्हत्या. थकलेल्या होत्या. "मला त्यांचं दुःख कळत नाही असं समजू नका. पण कडी मोजकी आहेत. ही योजना इथं फसली, तर पुढच्या शंभर गावांना मिळणार नाही."

महिन्याभरात नियम आला. सहा महिने न वापरलेलं प्रत्येक कडं गावाच्या सामाईक तारेला जोडून रिकामं करायचं. 'माझ्याकडे' म्हणणाऱ्यांना आधी मोबदला विचारायचा. 'मला' म्हणणाऱ्यांना विचारण्यात अर्थ नाही, तिथं थेट माणूस पाठवायचा. नियमाच्या खाली आधार म्हणून शलाकाच्या अभ्यासाचं नाव होतं.

तिनं विशाखाताईंना फोन केला, वाद घातला, नाव काढा म्हणाली. नाव काढलं गेलं. नियम राहिला.

संध्याकाळी ती काकींपाशी जाऊन बसली आणि तिनं सगळं सांगितलं. तुमचं वाक्य मीच तिकडं नेलं, हेही सांगितलं. काकी समोरच्या खाडीकडे बघत होत्या. ओहोटी लागली होती आणि चिखलावर बगळे उतरत होते.

"येवंदेत," त्या म्हणाल्या. "तेतूर तेंचो जीव नाय, ह्या माका कळता, बाय. मिया काय येडी नाय. पण तेंच्या पायांचो रेटो आसा. रोज ह्या फळयेर बसान दिलेलो. तो खय जातलो, येवढांच सांगा माका."

भास्करराव झोपाळ्यावरून ऐकत होते. त्यांनी पाय टेकवून झोपाळा थांबवला.

कडं रिकामं करायला इर्शादच आला. दुपारची वेळ, आभाळ खाली आलेलं, माडांची सळसळ थांबलेली. काकींनी स्वतः फडताळातून कडं काढलं, पंचा घडी करून खांद्यावर टाकला आणि त्या आत निघून गेल्या. इर्शादनं भास्कररावांचं कडं सोडवलं आणि खाली मान घालून त्या जागी याच्या तारा जोडल्या. पावसात तार भिजली असेल म्हणून त्यानं आधी झोपाळ्याचा कन्व्हर्टर तपासायला घेतला, दोन्ही दिशांनी.

आणि झोपाळा हलला.

रिकामाच होता. आधी जरासा, मग लांब. पुढे जाताना मोठा, मोकळा झोका, परत येताना अर्ध्यावर एक हलकीशी अडखळ, पुन्हा पुढे. इर्शादचा हात बटणावर तसाच राहिला. शलाका दारात उभी होती. तिनं पाहिलं, तर तिच्या मागे काकी येऊन उभ्या होत्या.

"ह्यो तेंचोच झोको," काकी म्हणाल्या. अगदी साध्या आवाजात, अंगणातली हाक ओळखावी तसं. "उजवो पाय मोडलेलो तेंचो. मागे येताना असोच अडाकत."

इर्शाद त्यांच्याकडे वळला. "काकी, जनित्र आणि मोटर एकच असते. वीज घेतली की जनित्र, दिली की मोटर. तपासताना मी उलटी दिशा सोडली. लय त्यांचीच साठवलेली होती, तीच चालू झाली." जरा थांबून तो म्हणाला, "म्हणजे जो रेटा त्यांनी दिला होता, तो परत फळीला मिळतोय. थोडा वाटेत हरवतो. दहातला सहा-सात परत येईल."

"आणि मगे संपतलो?"

"हो. रोज थोडा वेळ चालवलं तर वर्ष-सव्वा वर्ष पुरेल. मग संपेल."

काकी पुढे झाल्या. झोपाळा जवळ आला तशी त्यांनी साखळी धरली आणि त्या फळीवर बसल्या, एका कडेला, जणू शेजारी जागा ठेवायची आहे. झोपाळा त्यांना घेऊन पुढे गेला. त्यांचे पाय जमिनीला लागत नव्हते. डोळे मिटलेले होते. बाहेर पाऊस आला आणि पागोळ्यांचा पडदा लागला, त्याच्या आत ती बाई एकटीच, कुणीतरी नेतंय तशी, जात-येत होती.

शलाकाला वाटलं, आता काकी काहीतरी बोलतील आणि ते ऐकायला हवं. कुठली विभक्ती, कुठला काळ. पण काकी काही वेळानं उठल्या आणि भात लागला की काय ते बघायला आत गेल्या.

इर्शादनं तारा तशाच ठेवल्या. आपल्या नोंदीत त्यानं लिहिलं: कडं वापरात आहे. ते खोटं नव्हतं.

चार दिवसांत गावभर झालं. लोक इर्शादला बोलवायला येऊ लागले. आधी ती बाळंतपणात गेलेल्या सुनेच्या घरची सासू, मग बाकीचे. काहींनी मात्र नको म्हटलं. एका म्हाताऱ्यानं आईचं कडं डोळ्यांसमोर रिकामं होताना बघण्यापेक्षा नियमाप्रमाणे देऊन टाकलं, आणि मग दोन दिवस जेवला नाही. पण बहुतेक घरांत दुपारी, पावसाच्या अंधुक उजेडात, झोपाळे कुणाकुणाच्या लयीत हलू लागले. एखादा धसमुसळा, एखादा बाळाला जोजवावं तसा. शलाका वाटेनं जाताना पडवीतून बघायची आणि तिला कळायचं की त्या घरी आता पाहुणे आहेत, हाक मारू नये.

विशाखाताई पाहणीला आल्या तेव्हा त्यांनीही ते पाहिलं. काकींच्या अंगणात छत्री धरून त्या कितीतरी वेळ उभ्या होत्या.

"या वापरातून निघत काहीच नाही," त्या शलाकाला म्हणाल्या. "ना दिवा, ना पंखा."

"नाही."

"पण कडी मोकळी होताहेत." त्यांनी छत्री मिटली. "मी वीज धरून बसले होते, शलाका. टंचाई कड्यांची होती. रिकामी झालेली कडी लोक आपणहून परत देतील?"

"देतील असं वाटतं. रिकाम्या कड्याला ते 'माज्याकडे' म्हणायला लागलेत."

विशाखाताई हसल्या आणि मग त्यांनी डोळे पुसले. पावसाचं पाणीही असेल. पुढच्या हंगामात नियमातलं सक्तीचं कलम गेलं आणि सगळ्या कन्व्हर्टरांना दुसरी दिशा मिळाली. पलीकडच्या वाडीला माडवलीची पहिली रिकामी कडी गेली तेव्हा होडीत द्वारकाकाकी स्वतः बसल्या होत्या. कडं त्यांनी मांडीवर घेतलं होतं.

भास्कररावांनी आपल्या कड्याचा निर्णय त्याआधीच घेतला होता. एका रविवारी दुपारी त्यांनी शलाकाला पडवीत बोलावलं.

"बस."

"कशाला?"

"आठवडाभर मी पाय हलवलेत. कडं थोडं भरलंय. बस त्यावर."

ती बसली. त्यांनी बटण दाबलं आणि बाजूच्या खुर्चीवर टेकले. झोपाळा हलला. वडिलांची लय तिला ठाऊक नव्हती, हे तेव्हा तिला जाणवलं. मोजकी होती, सारख्या अंतराची, आणि पुढे जाताना शेवटी एक छोटासा जास्तीचा रेटा.

"लहानपणी तू कमला नेहरू पार्कात झोक्यावर बसायचीस," भास्करराव म्हणाले. "मी बाकावर पेपर तपासायचो. ढकलायची तुझी आई." ते थांबले. "तिचं मी काही ठेवलं नाही, कारण घरात ठेवलं असतं तर मला राहता आलं नसतं. तुझा विचार केला नाही. तो करायला हवा होता."

झोपाळा तिला पुढे नेत होता आणि मागे आणत होता.

"माझं असं साठवायचं नाही," ते म्हणाले. "दर रविवारी संपवायचं. मी समोर असताना."

मग तसंच होत राहिलं. आठवडाभर ते वीज भरत, रविवारी दुपारी ती खर्च होई. कधी ते बोलत, कधी तिचं बोलणं ऐकत, कधी खुर्चीतच त्यांचा डोळा लागे आणि ती एकटीच हलत राही. त्या दोघांचं इतकं बोलणं आयुष्यात झालं नव्हतं.

दीड वर्षानं, थंडीत, एका सोमवारी दुपारी भास्करराव झोपेतच गेले. आदल्या दिवशी रविवार झाला होता. शलाका त्यांना पुण्याला घेऊन गेली, सगळं केलं, कपडे आणि पुस्तकं वाटली. आता तिला ते जमलं. महिन्यानं माडवलीला परत आली तेव्हा काकींनी खोल्या झाडून ठेवल्या होत्या.

दुपारी ती पडवीत आली. कड्याचा काटा शून्यावर होता, असायलाच हवा होता. कडं सोडवून परत द्यायला काढावं म्हणून ती वाकली. मग, का ते तिलाही सांगता आलं नसतं, ती फळीवर बसली आणि तिनं बटण दाबलं.

पाठीमागून हलकासा रेटा आला.

तिनं दोन्ही साखळ्या धरल्या. झोपाळा पुढे गेला, मागे आला, पुन्हा रेटा, शेवटी तो छोटासा जास्तीचा. सोमवारी सकाळी. चहा येईपर्यंत ते नेहमीसारखे जरा बसले असणार. काट्यावर दिसू नये इतकीच ती वीज. आणखी दोन-चार झोके आले, मग नुसतंच हलणं उरलं, मग तेही लहान होत गेलं.

झोपाळा थांबला तेव्हा खाडीवर ऊन होतं. आत काकी कपबश्या मांडत होत्या. शलाकानं चपला काढल्या, तळवे गार जमिनीवर टेकवले आणि स्वतःच्या पायांनी रेटा दिला. कन्व्हर्टर गुणगुणू लागला.